‘मॅडम, मग पहिला जीव कुणी केला?’

पत्र

ताई, मी सोलापुरात एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, सगळे जीव आधीच्या जिवांपासून झाले, मग पहिला कुणी केला?” मी समुद्र, रसायनं, वीज असं काहीतरी सांगून पुढे गेले. तो म्हणाला, “म्हणजे नक्की माहीत नाही ना?” आणि वर्ग हसला.

माझी लेक त्याच वर्गात आहे. तिने हे घरी आजोबांना सांगितलं. माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणते) गिरणी कामगार होते. माळकरी आहेत, आषाढीला पंढरपूरला चालत जातात. ते म्हणाले, “अगं, जीव घालणारा तो वर बसलाय. तुझ्या आईच्या पुस्तकात नाही म्हणून तो नाही होय?” त्यावर लेकीने मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला: वैज्ञानिकांना आजवर साधी एक पेशी बनवता आलेली नाही, पाश्चरनेच सिद्ध केलंय की जिवातूनच जीव येतो, आणि दशावतारात सगळी उत्क्रांती आधीच सांगून ठेवली आहे. मामा खूश झाले. मिस्टर मला म्हणाले, शाळेतलं शाळेत ठेव, घरात वाद नको.

मी स्वतः सिद्धेश्वराला जाते, संक्रांतीला अक्षता सोहळ्याला गर्दीत उभी राहते. आता वाटायला लागलंय की मी वर्गात एक आणि घरात एक बोलते. त्या मुलाला काय सांगू? मामांना काय सांगू? आणि लेकीला?

— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर

त्या मुलाला आधी शाबासकी द्या, आणि ती वर्गासमोर द्या. ‘पहिला कुणी केला’ असं विचारायला धडा नीट ऐकलेला असावा लागतो. डार्विनने 1859 साली जे मांडलं ते एका जिवापासून वेगवेगळे जीव कसे होत गेले याबद्दल होतं. पहिला जीव कसा झाला, याचं उत्तर त्यात नाहीच. पोराने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

त्याचं दुसरं वाक्यही खरं आहे. पृथ्वीवरचा पहिला जीव नेमका कसा झाला हे आज जगात कुणालाही ठाऊक नाही. हे फळ्यासमोर उभं राहून, आवाज न चोरता सांगा. समुद्र, रसायनं, वीज हे तुम्ही भराभर उरकलंत, आणि मॅडम काहीतरी झाकतायत हे मुलांना अशा वेळी लगेच कळतं. पण ‘माहीत नाही’ म्हणून तिथे थांबूही नका. काय माहीत आहे, ते कशावरून कळलं, आणि गाडी कुठे अडली आहे, एवढं त्यांच्यापुढे मांडा. मग बघा, कुणी हसणार नाही.

सुरुवात काळापासून करा, कारण कोट्यवधी वर्षं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. पुणे–सोलापूर रस्ता घ्या, साधारण अडीचशे किलोमीटरचा. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. पृथ्वी पुण्यात जन्मली आणि आजचा दिवस म्हणजे सोलापूरचा एसटी स्टँड, असं धरलं तर एक किलोमीटर म्हणजे जवळपास 1.8 कोटी वर्षं होतात. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून तयार झालेले खडक सापडले आहेत, सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या रस्त्यावर ते पाटसच्या आसपास येतात. म्हणजे पहिला जीव त्याच्याही आधी, पुणे सोडल्यावर पहिल्या साठेक किलोमीटरमध्येच कुठेतरी झाला. हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो भिगवणच्या पुढे. आणि प्राणी? ते पार मोहोळ येईपर्यंत नाहीत. ज्या काळ्या पाषाणावर आपलं सोलापूर वसलंय, ज्याची झीज होऊन आपली काळी माती झाली, तो लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो बाळे ओलांडल्यावर लागतो. आपण माणसं सुमारे 3 लाख वर्षांची, म्हणजे शेवटचे सोळा-सतरा मीटर, स्टँडच्या आवारातले.

हा रस्ता फळ्यावर काढलात की गाडी का अडली तेही मुलांच्या लक्षात येईल. पुणे ते पाटस या टप्प्यातले खडक पृथ्वीवर फार थोडे उरलेत. जे उरलेत ते दाबाने आणि उष्णतेने पार बदलून गेलेत. पहिल्या जिवाला हाड नव्हतं, शिंपला नव्हता. त्याच्या आधीच्या रेणूंचे तर जीवाश्म होतच नाहीत. त्यामुळे पुरावा शोधायचा तो दुसऱ्या वाटांनी: प्रयोगशाळेत, उल्केत, आणि आज जगणाऱ्या पेशींच्या आत.

या वाटांवर काय काय हाती लागलंय ते सांगा, आणि सांगताना घाई करू नका. 1828 पर्यंत पुष्कळांची अशी समजूत होती की सजीवांच्या शरीरातले पदार्थ तयार व्हायला काही खास प्राणशक्ती लागते. त्या साली जर्मनीत फ्रेडरिक व्योलरने निर्जीव क्षारापासून युरिया बनवला. तोच युरिया, जो आपल्या लघवीत असतो आणि आज पोत्यांतून शेतावर जातो. तिथून त्या समजुतीला तडा गेला. 1920 च्या दशकात रशियाचे ओपारिन आणि इंग्लंडचे हाल्डेन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं की सुरुवातीच्या पृथ्वीवर ऑक्सिजन नव्हता, तेव्हा साध्या वायूंपासून जीवनाचा कच्चा माल समुद्रात तयार झाला असेल. (हेच हाल्डेन 1957 साली भारतात राहायला आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. मुलांना हे सांगा, त्यांना माणूस जवळचा वाटेल.)

मग 1953. शिकागोत स्टॅनले मिलर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने, हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बंद नळ्यांमध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन भरला. खालच्या चंबूत पाणी उकळत ठेवलं, वरच्या चंबूत विजेच्या ठिणग्या पाडत राहिला. एका दिवसात पाणी गुलाबी झालं. आठवड्याने ते गडद तांबडं आणि गढूळ झालं. तपासलं तर त्यात ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं निघाली, ज्यांपासून प्रथिनं बनतात. तुम्ही वर्गात ‘वीज’ म्हणालात ती ही वीज. पुढचं सांगायलाही विसरू नका: तेव्हाची हवा मिलरने धरली तशी नसावी, तिच्यात मिथेन-अमोनिया इतका नसावा, असं नंतर बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं मत झालं. म्हणजे प्रयोग खरा, पण पृथ्वीवर अगदी तसंच घडलं असं त्यावरून म्हणता येत नाही. आपल्याच बाजूची ही उणीव तुम्ही आपणहून सांगितलीत की वर्गाचा तुमच्यावरचा भरवसा वाढेल.

आणखीही आहे. 28 सप्टेंबर 1969 ला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावी उल्का पडली, तिच्यात सत्तरहून जास्त प्रकारची अमिनो आम्लं सापडली. बेनू नावाच्या लघुग्रहावरची माती 2023 मध्ये यानाने पृथ्वीवर आणली, तिचे निष्कर्ष 2025 च्या जानेवारीत आले: सजीव प्रथिनांसाठी जी 20 अमिनो आम्लं वापरतात त्यांतली 14, आणि डीएनए-आरएनए या आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूंची पाचही अक्षरं. हा कच्चा माल अवकाशात, कुठल्याही जिवाशिवाय, तयार होतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तिकडे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए नुसती माहिती साठवत नाही, रासायनिक क्रियाही घडवतो. त्याबद्दल त्यांना 1989 चं नोबेल मिळालं. त्यावरून असा विचार पुढे आला की प्रथिनं आणि डीएनए यायच्या आधी दोन्ही कामं आरएनएनेच सांभाळली असतील. आणि काही स्निग्धाम्लं पाण्यात टाकली की त्यांचे आपोआप पोकळ फुगे होतात, पेशीच्या आवरणासारखे.

अडलंय ते यानंतर. हा कच्चा माल जुळून स्वतःची नक्कल करणारी पहिली साखळी कशी झाली? ती खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांपाशी झाली की जमिनीवरच्या, सुकणाऱ्या आणि पुन्हा भरणाऱ्या डबक्यांत? यावर शास्त्रज्ञांचं आपसात जोरदार भांडण आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रयोग करणारी माणसं आहेत.

आता तो मेसेज. त्यातला पेशीचा मुद्दा बरोबर आहे. नुसत्या रसायनांपासून कुणीही आजवर जिवंत पेशी बनवलेली नाही. 2010 साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने कृत्रिम गुणसूत्र तयार करून एका जीवाणूत बसवलं, पण जीवाणू आधीचाच होता. लेकीला सांगा की हे वाक्य खरं आहे. त्यावरून पुढे ‘म्हणजे देवानेच केलं’ अशी जी उडी मारली आहे ती मात्र खरी नाही, कारण आज बनवता न येणं म्हणजे निसर्गात घडू न शकणं असं होत नाही.

पाश्चरच्या मुद्द्यावर जास्त वेळ द्या, कारण तिथे तुम्हाला घरातल्या घरात एक प्रयोग करता येईल. वर्षाची ज्वारी भरून ठेवतो आपण, आणि कितीही ऊन दिलं, कडुलिंबाचा पाला घातला तरी एखाद्या वेळी डबा उघडावा तर सोंडे फिरताना दिसतात. घरातल्या जुन्या बायका म्हणायच्या, दाण्यातूनच होतात. आणि दिसतं तसंच: दाणा बाहेरून अखंड, आणि आतून किडा बाहेर येतो. खरी गोष्ट अशी की मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि आपल्या चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्याच ज्वारीच्या दोन बरण्या भरा. एकीतली ज्वारी आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आतली अंडी मरतील. दोन्हींच्या तोंडाला दुहेरी पातळ सुती कापड घट्ट बांधा आणि महिना-दीड महिना स्वयंपाकघरात शेजारी शेजारी राहू द्या. सोंडे दाण्यातूनच होत असतील तर ते दोन्ही बरण्यांत दिसायला हवेत. किडकी ज्वारी मुद्दाम निवडा, नाहीतर दोन्ही बरण्या स्वच्छ राहतील आणि काहीच कळणार नाही.

1668 साली इटलीत फ्रान्सेस्को रेदीने मांसावर कापड बांधून हेच दाखवलं होतं, की अळ्या मांसातून होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात. पुढे 1860 च्या आसपास पाश्चरने लांब, वाकड्या मानेच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला. हवा आत जात होती, पण धूळ मानेतच अडकत होती, आणि रस्सा निवळ राहिला. मान मोडली तेव्हा तो नासला. यातून काय सिद्ध झालं? आजच्या पृथ्वीवर, उकळलेल्या रश्श्यात, काही दिवसांत किंवा महिन्यांत सूक्ष्मजीव आपोआप होत नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या पृथ्वीवर, अख्ख्या समुद्रात, कोट्यवधी वर्षांत काय झालं असेल, ते पाश्चरच्या चंबूत नव्हतंच. डार्विनने 1871 साली एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की एखाद्या कोमट डबक्यात असं काही आज तयार झालं तरी आजचे जीव ते लगेच खाऊन टाकतील, पण जीव अस्तित्वात येण्याआधी तसं नसणार. मेसेज लिहिणाऱ्याने पाश्चरच्या पदरात त्याने न म्हटलेलं घातलं आहे.

दशावताराचं मला मनापासून वाईट वाटतं. मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम दिसतो, आधी पाण्यातला, मग पाण्यातला आणि जमिनीवरचा, मग जमिनीवरचा, हे खरं. पण पुन्हा आपल्या रस्त्यावर या. मासा मोहोळच्या पुढे येतो. पाटसपासून मोहोळपर्यंतचा सगळा रस्ता, जीवसृष्टीच्या इतिहासाचा फार मोठा भाग, बहुतांशी डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे, आणि अवतारांत त्यांचा पत्ता नाही. असायचं कारणही नाही. अवताराची कथा संकटात धावून येणाऱ्याची आहे. प्रल्हादाच्या खांबाला जीवशास्त्राचा पुरावा करायला गेलात की जीवशास्त्रही बिघडतं आणि प्रल्हादही हातचा जातो.

आता मूळ प्रश्न. ‘देवाने केलं’ हे उत्तर विज्ञानाच्या तासाला का चालत नाही, हे मुलाला नीट सांगता आलं पाहिजे. ते कुणाला कमी लेखण्यासाठी म्हणून वर्ज्य नाही. अचाट कल्पनांना विज्ञानात बंदी आहे असंही नाही, आणि याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर, जे 2025 च्या मे महिन्यात गेले, त्यांचे गुरू फ्रेड हॉयल म्हणत की जीव पृथ्वीवर झालाच नाही, तो अवकाशातून आला. ऐकायला हे कुठल्याही पुराणकथेइतकंच नवल आहे. मग नारळीकरांनी काय केलं? 2001 च्या जानेवारीत हैदराबादहून, म्हणजे तुमच्यापासून तीनशे-एक किलोमीटरवरून, एक मोठा फुगा सोडला. त्याला निर्जंतुक केलेले पोलादी नळकांडे बांधले होते. ते 41 किलोमीटर उंचीपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर उघडून तिथली हवा भरून घेतली आणि प्रयोगशाळांत तपासली. 2005 मध्ये पुन्हा फुगा सोडला. त्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या, आणि त्यांतल्या एकीला हॉयल यांचं नाव दिलं. तरीही 2009 मध्ये हे जाहीर करताना, यावरून ते जीवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असं ठामपणे सिद्ध होत नाही, असं सांगितलं गेलं. अनुकूल वाटणारा निकाल हातात असताना ही माणसं तिथे थांबली. कल्पना केवढीही मोठी असो, ती चूक ठरू शकेल असा फुगा सोडता आला पाहिजे. ‘देवाने केलं’ या उत्तरासाठी असा फुगा कुणाला सोडता येत नाही, आणि भाविक माणसाला तो सोडावासाही वाटत नाही. म्हणून ते त्या तासाचं उत्तर नाही. खरं-खोटं ठरवायचा तो मुद्दाच नव्हे.

इथून तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही दोन तोंडांनी बोलत नाही आहात. अक्षता सोहळ्याला उभं राहताना तुम्ही पहिल्या पेशीबद्दल काही दावा करत नसता. अप्रामाणिकपणा तेव्हा झाला असता जेव्हा पालक रागावतील म्हणून तुम्ही धडा गाळला असता, किंवा मिलरचा प्रयोग फुगवून सांगितला असता. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि विश्व एका आदिकणापासून प्रसरण पावत आलं हे त्यांनीच 1931 साली मांडलं. 1951 साली पोपनी त्यात ईश्वरी निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचलं नाही. श्रद्धा सिद्धांताच्या खुंटीला टांगू नये, असं त्यांचं मत होतं, कारण सिद्धांत उद्या बदलू शकतो. विज्ञानाला आज जिथे उत्तर नाही तिथे देव बसवला तर उद्या उत्तर सापडल्यावर त्याला उठवावं लागतं. व्योलरच्या युरियाने प्राणशक्तीला असंच उठवलं होतं. मामांचा विठ्ठल अशा उरलेल्या जागेत बसवणं मला त्यांच्या भक्तीचाही अपमान वाटतो.

म्हणून मामांना काय सांगायचं? मिलर आणि मर्चिसन तर नकोच. उभ्या आयुष्यात त्यांनी विठोबाला जीव कसा झाला हे विचारलेलं नसेल. गिरणीचे दिवस, नंतरची ओढाताण, घरातली आजारपणं, यातून ते ज्याच्या आधाराने पार पडले त्याचं नाव ते घेतायत. तुम्ही त्याला रसायनशास्त्राने उत्तर दिलंत तर त्यांना ते त्या सगळ्या वर्षांवर बोट ठेवल्यासारखं लागेल. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याच मातीतलं बोला. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी देवाला विचारलं ते विटाळाबद्दल, माणसाने माणसाला दाराबाहेर ठेवण्याबद्दल. दामाजीपंतांची कथा सगळा जिल्हा सांगतो ती दुष्काळात कोठार उघडल्याबद्दल. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं, लोकांना पाणी मिळावं म्हणून. यांतल्या एकाचीही थोरवी पहिली पेशी कशी झाली यावर अवलंबून नाही, आणि मिलरचा प्रयोग खरा ठरल्याने यांतलं काहीही खोटं होत नाही. मामांना एवढंच म्हणा: “मामा, मी पोरांना जीव कसा घडला ते शोधणाऱ्यांची गोष्ट सांगते. तो वर बसलाय का नाही, हे माझ्या पुस्तकात नाहीच.” हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्यांना मान देणारंही आहे.

एका बाबतीत मात्र मऊपणा नको. पहिल्या जिवाबद्दल मामा काहीही मानोत, त्यात कुणाचं नुकसान नाही. पण शेतात कुणाला साप चावला आणि कुणी मांत्रिकाकडे, देवळात न्यायचं म्हणालं, किंवा नातवंडाचा ताप अंगाऱ्यावर सोडून दिला, तर तिथे आवाज चढवा आणि गाडी सिव्हिलकडे वळवा. नागाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन आहे, आणि मांत्रिकाकडे वाया गेलेला एकेक तास माणसाच्या जिवावर बेततो. मंत्राने विष उतरतं हा दावा तपासता येतो, तपासला की खोटा निघतो, आणि तपासेपर्यंत माणूस हातचा गेलेला असतो.

मिस्टरांचं ‘घरात वाद नको’ मला समजतं. दमून आलेल्या माणसाला जेवताना शांतता हवी असते. वाद टाळा. पण प्रश्नाला घरात यायला बंदी करू नका, कारण लेकीला घरी विचारता आलं नाही तर ती मोबाइलला विचारणार, आणि मोबाइलने काय दिलं ते आपण बघितलंच.

लेकीवर चिडू नका, तिने मेसेज पुढे आणला म्हणून तर हे सगळं बोलायला मिळालं. तिला तुम्ही उत्तर पाठ करून देऊ नका. मेसेजमधले तिन्ही मुद्दे तिला वहीत तीन पानांवर लिहायला लावा. प्रत्येकाखाली तिनेच लिहायचं: यातलं खरं काय, कुणी आणि केव्हा तपासलं, आणि मेसेजने त्यापुढे पदरचं काय जोडलं. दशावताराच्या पानासाठी तिला आजोबांकडे बसवा, त्या कथा त्यांच्याइतक्या चांगल्या तुम्हाला सांगता येणार नाहीत. पाश्चरचं पान बरण्यांचा निकाल लागेपर्यंत अर्धं राहू द्या. सगळं झालं की ज्या ग्रुपवरून मेसेज आला तिथे उत्तर तिचं तिलाच लिहू द्या. तुम्ही फक्त साल आणि आकडे तपासा.